‘मी हरवलो’ असा फोन आला तर गावानं शोध कसा घ्यायचा

आमच्या मोठ्या बाबाचा, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाचा, फोन आला तेव्हा संध्याकाळचे पावणेसात झाले होते, डिसेंबरचा महिना, बाहेर पुरा अंधार. फोन चुलत भावानं उचलला. "पाय मुरगळला रे, उठता येऊन नाही राहिलं, इथं पाण्याचा आवाज येते" एवढं बोलले अन् फोन कट. परत लावला तं स्विच ऑफ. पंधरा मिनिटात सत्तर-ऐंशी माणूस गोळा झाला, अन् पाणी म्हटलं म्हणून सगळेच्या सगळे नाल्याकडं पळाले. मोठे बाबा सापडले रात्री दीड वाजता, नाल्याच्या अगदी उलट्या बाजूला, आमच्या वावरापासून दोन वावरं सोडून तुरीत. तो पाण्याचा आवाज म्हणजे बाजूच्या हरभऱ्यात लावलेलं स्प्रिंकलर होतं.

त्यानंतर आणखी तीन शोधांमध्ये मी होतो. एक लेकरू, एक मोहफुलं वेचायला गेलेली काकू, अन् एक जण पुरात अडकलेला. माणसं कमी पडली असं एकदाही झालं नाही, आपल्याकडं हाक मारली की अर्धं गाव उठून येते. जे बिघडते ते पहिल्या अर्ध्या तासात बिघडते, कोणी कुठं जायचं हे कोणीच ठरवत नाही म्हणून. त्यासाठी हे लिहून ठेवतो.

फोन चालू आहे तोवरच विचारून घ्या

समोरचा घाबरलेला असते, आपणही घाबरतो अन् "कुठं आहेस, कुठं आहेस" हेच दहादा विचारतो. त्याला माहीत असतं तं त्यानं फोन कशाला केला असता? त्याला जे दिसते, जे ऐकू येते ते विचारा. पायाखाली काय आहे, पराटी (कापूस) की तूर की पडीक? चढ लागला का? खांब दिसते का, डीपी (लाइनचा ट्रान्सफॉर्मर) दिसते का, मोबाइल टॉवरचा लाल लाइट कोणत्या हाताला आहे? रेल्वेचा भोंगा, मंदिराचा स्पीकर, ट्रॅक्टरचा आवाज येते का? पाण्याचा आवाज म्हणाला तं पाणी वाहते की फवारते की मोटर चालू आहे, हे विचारा. हा एक प्रश्न आम्ही विचारला असता तं पाच तास वाचले असते. घरून किती वाजता निघाला अन् शेवटचं ओळखीचं काय लागलं हेही विचारा, पांदण, देऊळ, कोणाचा गोठा, काहीही.

मंग त्याला एकच सांगा, जागेवरून हलू नको. अंधारात चालत राहिलेला माणूस आपल्यापासून लांबच जाते. अन् तो जे बोलला ते त्याच्याच शब्दात कागदावर लिहा, बाजूला वेळ टाका. तासाभरानं तुमच्या डोक्यात त्याचे शब्द बदललेले असतात, आमच्या भावानं "पाण्याचा आवाज" याचं "नाल्याजवळ" कधी करून टाकलं त्यालाही समजलं नाही.

११२ वर काय सांगायचं

११२ एकच नंबर आहे, पोलीस, ॲम्ब्युलन्स, फायर सगळ्यासाठी. बॅलन्स नसला तरी लागते, अन् आपल्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकते. नुसती ॲम्ब्युलन्स पाहिजे तं १०८. पण ध्यानात ठेवा, ११२ चा फोन उचलणारा माणूस तुमच्या पोलीस स्टेशनमध्ये बसलेला नाही, तो नवी मुंबईच्या नाही तं नागपूरच्या सेंटरला असते अन् तिथून तुमच्या जिल्ह्याला कळवते. त्याला "पिंपळगाववरून बोलून राहिलो" म्हणून काही उपयोग नाही, पिंपळगाव, खापरी, वडगाव, असे गाव प्रत्येक तालुक्यात निघतात. जिल्हा, तालुका, पोलीस स्टेशन, मंग गाव, मंग कोणत्या रस्त्यावर, या क्रमानं सांगा. अन् ज्या नंबरवरून लावला तो मोकळा ठेवा, गाडीवाला त्याच नंबरवर परत फोन करते.

लोकांचा एक मोठा गैरसमज असते की पोलिसांनी टॉवर लोकेशन काढलं की माणूस सापडला. शहरात टॉवर जवळ जवळ असतात, आपल्याकडं एका टॉवरखाली पाच-सहा गावं येतात, म्हणजे लोकेशन आलं तरी ते कित्येक किलोमीटरचा घेर सांगते. ते मागाच, पण त्याची वाट पाहत बसू नका. साधा फोन नसून स्मार्टफोन असला अन् नेट चालू असलं तं व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवायला लावा, ते सगळ्यात भारी. नसलं तं शेताचा गट नंबर कामी येते, तलाठ्याकडं नकाशा असते. डीपीचं नावही कामाचं, लाइनमनला "अमक्याच्या डीपीजवळ" म्हटलं की तो झोपेतूनही रस्ता सांगते.

बॅटरीचं एक. हरवलेल्या माणसाला घरचे, पाहुणे, मित्र, सगळे एकाच वेळी फोन लावतात अन् उरलेली बॅटरी त्यातच जाते. एकानंच लावायचा, अन् ठरवून, जसं दर अर्ध्या तासाला. मधात एसएमएस टाका, कॉल लागत नाही तिथंही कधी कधी मेसेज पोहोचते. अन् त्याच्या नंबरचा रिचार्ज संपलेला आहे का पाहा, संपला असला तं लगेच मारून द्या, इनकमिंग बंद असल्यावर तुम्ही कितीही लावा.

चोवीस तास थांबा असा नियम नाही

"उद्यापर्यंत येईल, चोवीस तास पाहा" असं सांगणारे भेटतात. असा कोणताही नियम नाही, मिसिंगची तक्रार त्याच दिवशी दाखल होते. अठरा वर्षाखालचं लेकरू असलं तं नुसती मिसिंगही नाही, सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या आदेशापासून थेट गुन्हाच नोंदवायचा असते, अपहरण धरून. एकदा आम्हाला हद्दीचं कारण सांगून दुसरीकडं पाठवून राहिले होते, आम्ही तिथंच उभं राहून परत ११२ लावला अन् काम झालं. भांडू नका, त्यात वेळ जाते. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, चप्पल कशी, कोणती गोळी चालू आहे, ऐकू कमी येते का, हे एका कागदावर लिहून न्या. गावच्या पोलीस पाटलाला अगोदर उठवा, त्याच्या फोननं बीट जमादार लवकर हलते. पूर, नाला, तलाव असा मामला असला तं जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७, जंगल असलं तं वन विभागाचा १९२६.

आता शोध

पहिले एक माणूस एका जागी बसवा, चावडी, शाळा, पारावर, कुठंही. त्याच्याजवळ वही. कोण कोणत्या बाजूला गेलं, किती वाजता गेलं, कोणतं वावर पाहून झालं, हे तो लिहिते अन् जागचा हलत नाही. हे काम कोणालाच नको असते कारण सगळ्यांना पळायचं असते, पण आमच्या वेळी वही नव्हती म्हणून नाल्याचा तोच काठ तीनदा पाहिला अन् पूर्वेकडची तूर एकदाही नाही. दुसरा माणूस घरी बसवा, दार उघडं, लाइट चालू. हरवलेला माणूस आपोआप घरी आलेला अन् सगळं गाव रानात, असंही झालेलं आहे.

मंग शेवटी जिथं दिसला किंवा जिथून फोन आला असं वाटते तिथून सुरू करा, अन् जवळचं पहिले. घर, कोठा, कुटाराचं ढोलं, संडास, ट्रॅक्टरची ट्रॉली, बाजेखाली, पोत्यांमागं. आमच्याकडचं ते लेकरू चार तासांनी घरातच कापसाच्या गंजीमागं झोपलेलं निघालं. लहान लेकरं रागावतील म्हणून हाका ऐकूनही लपून राहतात, म्हणून आवाजात चिडचिड नको, त्याच्या माईला हाक मारायला लावा. विसरभोळे झालेले म्हातारे वेगळे, ते चालत सुटतात अन् काटेरी कुंपण, झुडूप, नाली लागेपर्यंत चालतात, तिथं अडकतात अन् तिथंच बसून राहतात. हाकेला ओ देत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी हाक मारून पुढं जाऊन चालत नाही, झुडुपात वाकून पाहावं लागते. जुनं घर, जुनं वावर, पहिले कामाला जायचे तो रस्ता, हे अगोदर पाहा.

शोधणाऱ्यांनी रांग धरायची. दोघांमधलं अंतर किती हे पीक ठरवते. सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात वीस फुटावर चालले तरी जमते, डिसेंबरच्या तुरीत माणूस हातभर लांबचा दिसत नाही, तिथं पिकाच्या प्रत्येक तासात, म्हणजे ओळीत, एक माणूस पाहिजे. एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जायचं, मंग पुढचं वावर. झालेल्या वावराच्या धुऱ्यावर चुन्याची खूण करा नाही तं कापड बांधा.

अन् आता सगळ्यात कामाचं. दर पाच मिनिटाला थांबा. सगळ्यांनी एकदम नाव घेऊन हाक मारायची, शिट्टी वाजवायची, अन् मंग दोन मिनिटं पूर्ण चूप, गाड्या बंद, फोन बंद, तंबाखू मळणंही बंद. मोठे बाबा असेच सापडले. सहा तास हाका मारून त्यांचा गळा बसला होता, आवाज निघत नव्हता, ते स्प्रिंकलरच्या पाइपावर तुरीची काडी वाजवत होते. टक, टक, थांबून परत टक टक. आम्ही ऐंशी जण बोंबलत होतो तोवर ते कोणाला ऐकू जाणार? एका पोट्ट्यानं सगळ्यांना ओरडून चूप केलं तेव्हा ऐकू आलं. ते पोट्टं नववीत होतं.

पायाचे ठसे दिसले तं त्यावर पाय देऊ नका, बाजूनं चाला, वरून टोपलं उपडं घालून ठेवा. टॉर्च उभी मारू नका, जमिनीलगत आडवी धरा, ठसा उठून दिसते. पोलिसांचं श्वान पथक येणार असलं तं त्या माणसाचा न धुतलेला कपडा लागते, तो सगळ्यांनी हाताळायचा नाही, स्वच्छ पिशवीत एकानं उचलून ठेवायचा.

शोधणाऱ्याचा जीव

हे मी मुद्दाम लांबवून सांगतो. रात्रीच्या वावरात सगळ्यात मोठा धोका सापाचा नाही, रानडुकरासाठी कोणी तारेत सोडलेल्या करंटचा आहे. हे बेकायदेशीर आहे अन् तरी लोक करतात, अन् विचारलं तं कबूल करत नाहीत. म्हणून शोध सुरू करायच्या अगोदर लाइनमनला सांगून त्या भागाची शेतीची लाइन बंद करायला लावा अन् गावात स्पीकरवरून सांगा की ज्यानं तार लावली असेल त्यानं आत्ता काढावी, नाव विचारणार नाही. नाव खरंच विचारू नका, त्या रात्री तरी.

विहिरी पाहाव्याच लागतात. काठावर चप्पल, काठी, शेवाळावर घसरल्याची खूण पाहा, टॉर्च मारा, दोराला गळ बांधून फिरवा. पण आत कोणी उतरायचं नाही, कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी नाही. जुन्या विहिरीत गॅस असते, एक जण उतरते, बेशुद्ध पडते, त्याला काढायला दुसरा उतरते, अशानं एकाच विहिरीत तीन-तीन जण गेलेले आहेत. मोटरचा करंटही पाण्यात उतरलेला असू शकते. फायर ब्रिगेड नाही तं शोध बचाव पथक येऊ द्या. मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव) किंवा नदी असली तं मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांना बोलवा, डोंगा त्यांच्याकडं आहे अन् पाणी कुठं ओढते हे त्यांच्याइतकं कोणाला समजत नाही. पुलावरून पाणी चालू असलं तं पलीकडं जायचा विचारही नको, गुडघाभर पाणी गाडी नेते.

चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाट, नागझिऱ्याच्या बाजूला जंगलात शिरायचं असलं तं वनरक्षकाशिवाय जाऊ नका. ताडोबाच्या भोवतीच्या बऱ्याच गावात वन विभागाची पीआरटीची (प्रायमरी रिस्पॉन्स टीम, गावातलंच मदत पथक) पोरं आहेत, त्यांना पुढं ठेवा. मोह, तेंदू वेचताना वाघाचे हल्ले होतात ते बहुतेक वाकलेल्या, बसलेल्या माणसावर, म्हणून ठसा पाहायला खाली बसायचं तेव्हा चार जण उभे राहून चारी बाजूला पाहत असले पाहिजेत. मे महिन्यात ब्रह्मपुरी, चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर असते तेव्हा दुपारी शोधणारेच पडतात, तुकड्या बदलत राहा, पाणी अन् मीठ-साखर सोबत.

व्हॉट्सॲपवर टाकताना

एकच फोटो, एकच संपर्क नंबर, तारीख अन् वेळ. "कोणीतरी उचललं", "टोळी फिरून राहिली" हे एक अक्षर टाकू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेपायी भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्यांची लेकरंही घरी वाट पाहत होती.

सापडल्यावर

लगेच उचलून बसवू नका. पहिले श्वास, मंग रक्त, मंग हाड. थंडीत सापडला तं ओले कपडे काढा, कोरडं घोंगडं, टोपी, डोकं झाका, अन् शुद्धीत असला तरच कोमट पाणी. उन्हात सापडला तं सावली, अंगभर ओलं कापड, वारा घाला, बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नका. साप चावला असला तं बांधू नका, चिरू नका, पाय हलू न देता सरळ दवाखान्यात न्या. मोठे बाबा सापडले तेव्हा अंग लाकडासारखं गार होतं, कोणीतरी दारू पाजायला निघालं होतं, दारूनं अंग आणखी थंड पडते, आमच्या आशाताईनं बाटली हातातून हिसकली.

मंग वहीवाल्याला कळवा, तो रांगेतला प्रत्येक माणूस परत आला का हे नाव घेऊन मोजेल. एक जण रात्री रानातच राहून गेला तं दुसरा शोध सुरू होते. पोलीस स्टेशनला सांगून मिसिंग बंद करून घ्या, जिथं जिथं फोटो टाकला तिथं "सापडले" टाका अन् जुना मेसेज डिलीट करा, नाही तं सहा महिने फोन येत राहतात.

अन् आज संध्याकाळी एक करा. आपल्या वावराचे गट नंबर, जवळच्या डीपीचं नाव, लाइनमन, पोलीस पाटील, वनरक्षक यांचे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाका, अन् म्हाताऱ्या माणसाच्या बंडीच्या खिशावर आतून एक फोन नंबर दोऱ्यानं शिवून घ्या. मोठ्या बाबाच्या चारही बंड्यांवर आता आहे, मोठ्या आईनं लाल दोऱ्यानं शिवला.