कामाच्या हातांसाठी खिडक्यांच्या विणीचे बिनबोटांचे मोजे

डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पाच-सहा अंशांवर आला की आमच्या निफाड तालुक्यात सकाळी सकाळी सगळ्यांच्या तोंडी तोच आकडा असतो. काम मात्र थांबत नाही. ऑक्टोबरात छाटलेल्या द्राक्षबागांमध्ये घडांची विरळणी याच दिवसांत चालते. कात्रीचं टोक घडात घालून नेमका मणी उडवायचा, तर बोटांची टोकं उघडी हवीत. पूर्ण मोज्यात ते जमत नाही, आणि उघड्या हाताने तासाभरात बोटं वळेनाशी होतात. म्हणून माझ्या जाऊबाईंसाठी आणि त्यांच्याबरोबर बागेत जाणाऱ्या बायांसाठी मी दर हिवाळ्यात क्रोशाचे बिनबोटांचे मोजे विणते. लिहिणाऱ्याला, स्कुटीवरून क्लासला जाणाऱ्या मुलीला, दूध घालायला पहाटे निघणाऱ्यालाही ते तितकेच उपयोगी पडतात.

आधी माझा एक आग्रह सांगते, कारण पुढची सगळी मांडणी त्यावर उभी आहे. उठावाची वीण, म्हणजे उंच दांड्यांच्या चौकटीत चौकोनी खिडक्या दिसतात ती, फक्त हाताच्या पाठीवर घ्यायची आणि तळवा साधा ठेवायचा. बरेच नमुने चहूबाजूंनी सारखाच उठाव देतात. दिसायला ते छान असतात, पण तळव्याखाली उंचवटे आले की कात्रीची मूठ हलते, गाडीचा ॲक्सिलरेटर नीट धरला जात नाही, आणि घासून घासून त्याच जागी लोकरीचे गोळे येतात. पाठीचं तसं नाही. तिथे उठावाच्या चौकटीत हवा अडकते आणि ऊब टिकते. नक्षी बघणाऱ्याला दिसते तीही पाठच.

लोकर डबल निट जाडीची, म्हणजे ना फार बारीक ना फार जाड अशी घ्या. जोडीला साधारण ७० ग्रॅम लागते, पण १०० ग्रॅम आणा, म्हणजे अंगठ्याशी येऊन अडायला होत नाही. वर्धमान किंवा ओसवालची ॲक्रिलिक लोकर चालते. ती धुवायला सोपी असते आणि आटत नाही. रंग एकरंगी आणि शक्यतो फिका निवडा: राखाडी, मोरपंखी, विटकरी, हळदी. काळ्या आणि गर्द निळ्या लोकरीत एवढी मेहनत करून विणलेल्या खिडक्या दिसतच नाहीत, आणि रंगीबेरंगी छटांच्या लोकरीत त्या रंगातच हरवतात. शिवाय दिव्याच्या उजेडात काळ्या लोकरीवर टाके मोजणं डोळ्यांना फार जड जातं.

सुई ४ मिलिमीटरची. बरोबर साडेतीनची आणि पाचची असली तर फार बरं. दोन सेफ्टी पिना, बोथट टोकाची मोठी सुई आणि मोजपट्टी एवढं झालं की साहित्य संपलं.

टाक्यांबद्दल दोन शब्द. साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब एवढे येत असतील तर हे मोजे येतात. मुक्या खांबात सुईवर आधी वेढा नसतो. अर्ध्या खांबात एक वेढा घेऊन सुईवरचे तिन्ही फास एकदम सोडवतात. खांबात एक वेढा घेऊन ते दोन-दोन करून सोडवतात. इंग्रजी नमुना वाचत असाल तर तो अमेरिकी आहे की ब्रिटिश हे आधी बघा. अमेरिकी डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, आणि ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. एवढ्या फरकाने मोजा निम्म्या उंचीचा होतो.

नवीन असतील ते उचललेले खांब. एरवी आपण सुई टाक्याच्या डोक्यात घालतो, इथे ती खालच्या खांबाच्या अंगाभोवती घालायची. पुढचा खांब करताना सुईवर वेढा घ्या, खालच्या खांबाच्या उजवीकडून सुई समोरून मागे न्या, खांबाच्या मागून फिरवून डावीकडून पुन्हा समोर काढा, लोकर ओढा आणि नेहमीसारखा खांब पुरा करा. तो खालचा खांब पुढे उचलला जातो. मागचा खांब याच्या उलट: सुई मागून समोर, खांबाच्या पुढून आडवी, आणि परत मागे. यात खांब मागे ढकलला जातो आणि समोर एक आडवी कड उमटते. खिडक्यांची वीण म्हणजे एवढंच. पुढच्या खांबांनी उभ्या दांड्या होतात, मागच्या खांबांनी आडव्या.

विणायला बसण्याआधी हात मोजा. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी पंजाभोवती पट्टी फिरवा. १८ ते २० सेंटिमीटर आलं तर खालची मापं जशीच्या तशी चालतील. मग खांबांचा एक छोटा चौकोन विणून बघा. दहा सेंटिमीटर रुंदीत १७ खांब बसायला हवेत. १५ बसले तर तुमचा हात ढिला आहे, साडेतीनची सुई घ्या. १९ बसले तर साडेचारची. मोजा हातापेक्षा थोडा लहानच हवा, म्हणजे ताणून घट्ट बसतो. सैल मोज्यात वारा शिरतो.

मनगटापासून सुरुवात करू. पाचच्या सुईने ३० साखळ्या घाला. इथे मोठी सुई मुद्दाम सांगते, कारण साखळीची कड ताणत नाही, आणि ती घट्ट झाली तर मोजा हातात जातच नाही. साखळीला पीळ पडला नाही ना बघून पहिल्या साखळीत सुई घाला, लोकर ओढून थेट सुईवरच्या फासातून काढा आणि गोल जोडा. पुढे प्रत्येक फेरी अशीच जोडायची. आता चारच्या सुईने २ साखळ्या घाला. या उंचीसाठी असतात, टाक्यात मोजायच्या नाहीत. प्रत्येक साखळीत एक असे ३० खांब करा. त्यावर एक पुढचा, एक मागचा, एक पुढचा, एक मागचा अशा फेऱ्या घालत जा. पुढच्यावर पुढचा, मागच्यावर मागचा. पट्टी पाच-साडेपाच सेंटिमीटर झाली की थांबा. माझ्या हाताला त्या पहिल्या साध्या खांबांच्या फेरीवर अशा सहा फेऱ्या लागतात. क्रोशाची वीण मुळात फारशी ताणत नाही, मनगटाला लवचिकपणा मिळतो तो या आलटून-पालटून घेतलेल्या खांबांमुळे.

मग साध्या ३० खांबांची एक फेरी घाला. ही टाळू नका. पट्टीचे उंचवटे एकाआड एक आहेत आणि खिडक्यांचे दांडे दर तिसऱ्या टाक्यावर येणार. मध्ये सपाट फेरी नसेल तर दोन्ही एकमेकांत घुसतात.

आता हाताचे दोन भाग पाडा: १६ टाके पाठीचे, १४ तळव्याचे. उजव्या हाताच्या मोज्यात फेरी सुरू झाल्यावर आधी पाठ येते, मग तळवा. डाव्यात आधी तळवा, मग पाठ. म्हणजे दोन्ही मोज्यांत फेरीचा जोड करंगळीच्या बाजूला जातो आणि अंगठा बरोबर समोरच्या कडेला येतो. तुम्ही डावखुऱ्या असाल तर हे उलट: पाठ आधी घेतलेला मोजा डाव्या हातात बसेल.

इथून नमुना सुरू होतो, म्हणून फेऱ्या इथून एकपासून मोजा. पाठीच्या १६ टाक्यांवर दोन फेऱ्यांचा फेर आहे. विषम फेरीत १ पुढचा खांब, २ साधे खांब असं पाच वेळा, आणि शेवटी १ पुढचा खांब. सम फेरीत पुढच्यावर पुढचा खांब, आणि मधल्या प्रत्येक दोन साध्या खांबांवर २ मागचे खांब. सहा उभे दांडे आणि मध्ये पाच खिडक्या दिसायला हव्यात. पुढचा खांब झाला की त्याच्या पाठीमागे खालच्या टाक्याचं डोकं लपून राहतं. त्यात चुकून सुई गेली तर एक टाका वाढतो. म्हणून पहिल्या चार फेऱ्या तरी दर फेरीला दांडे मोजा. दांडे सरळ वर चढताना दिसले की पुढे डोळ्यांनाच कळतं.

तळव्यावर विषम फेरीत साधे खांब, पण सम फेरीत अर्धे खांब घ्या. उचललेला खांब खालच्या खांबाच्या अंगातून निघतो, डोक्यावरून नाही, म्हणून पाठीची सम फेरी बुटकी होते. तळव्यावर तिथेही पूर्ण खांब घेतला तर तळवा उंच होत जातो आणि मोजा पाठीकडे वाकतो. अर्ध्या खांबाने दोन्ही बाजू एका पातळीत राहतात. डाव्या मोज्याची सम फेरी तळव्याने सुरू होते, तिथे सुरुवातीला दोनऐवजी १ साखळी पुरते.

अंगठ्यासाठी नुसतं भोक ठेवलेले मोजे मी करत नाही. अंगठ्याच्या मुळाशी हात रुंद होत जातो. वीण तिथे वाढली नाही तर मोजा मूठ वळताना खेचला जातो आणि मनगट उघडं पडतं. म्हणून शिंपी बगलेत जशी कळी घालतात तशी इथे वाढवत न्यायची कळी हवी. पाठीला लागून असलेला तळव्याचा टाका, म्हणजे उजव्या मोज्यात तळव्याचा पहिला आणि डाव्यात शेवटचा, हा कळीचा टाका. नमुन्याच्या पहिल्या फेरीत त्या एकाच टाक्यात ३ खांब घाला आणि दोन्ही कडांना सेफ्टी पिना लावा. दुसरी फेरी न वाढवता. तिसऱ्या फेरीत पिनांमधल्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात दोन-दोन खांब, की झाले ५. पाचव्या फेरीत ७, सातव्यात ९. सम फेऱ्यांमध्ये वाढ नाही. कळीची वीण तळव्यासारखीच, विषम फेरीत खांब आणि सम फेरीत अर्धे. आठव्या फेरीअखेर एकूण ३८ टाके असतात: पाठीचे १६, कळीचे ९, तळव्याचे १३.

इथे मोजा हातात घालून बघा. कळीची वरची कड अंगठा आणि तर्जनी जिथे मिळतात तिथे पोचायला हवी. पोचली नसेल तर न वाढवता आणखी दोन फेऱ्या घाला. हात लांब असणाऱ्यांना त्या लागतातच.

पुढच्या विषम फेरीत कळीपाशी आलात की १ साखळी घाला, कळीचे ९ टाके सोडून द्या आणि पलीकडच्या टाक्यात पुढे चला. ती साखळी एक टाका धरून पुन्हा ३० होतात. अशा चार फेऱ्या घाला, बोटांची पेरं सुरू होण्याच्या थोडं अलीकडे याल. लिहिण्यासाठी किंवा कात्रीसाठी एवढी उंची पुरे. गाडी चालवणाऱ्यांसाठी आणखी दोन फेऱ्या घ्या. शेवटी साडेतीनच्या सुईने मुक्या खांबांच्या दोन फेऱ्या. लहान सुईमुळे काठ आत धरला जातो, पसरत नाही.

अंगठ्याला नवी लोकर जोडा. सोडलेल्या ९ टाक्यांवर ९ अर्धे खांब, आणि साखळीच्या बाजूने ३: एक साखळीत, दोन कोपऱ्यांत. कोपऱ्यांत हमखास भोक राहतं, म्हणून तिथला टाका थोडा खोलातून, दोन धागे उचलून घ्या. पुढच्या फेरीत ते दोन्ही कोपऱ्यांचे टाके शेजारच्या टाक्याबरोबर एकत्र करा, १० उरतील. घट्ट वाटलं तर १२ च ठेवा. मग एक फेरी मुक्या खांबांची, आणि लोकर तोडा. टोकं बोथट सुईने आतल्या बाजूने, आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने ओवा. एकाच दिशेने ओवलेलं टोक आठ दिवसांत बाहेर येतं.

धुताना कोमट पाणी आणि साधा शाम्पू वापरा. पिळू नका. टॉवेलात दाबून पाणी काढा आणि सावलीत आडवे वाळवा. इस्त्री अजिबात फिरवू नका. वाफेने ॲक्रिलिक कायमचं सैल पडतं आणि खिडक्या सपाट होतात. बागेत थंडीसाठी शेकोट्या पेटवतात, तिथे आणि गॅसपाशी मोजे काढून ठेवा. ॲक्रिलिक नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं.

मोठ्या, २१-२२ सेंटिमीटरच्या हातासाठी ३६ टाके घ्या: पाठ १९, तळवा १७, आणि कळी ११ पर्यंत वाढवा. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी २४ टाके: पाठ १३, तळवा ११, कळी ७ पर्यंत. पाठीचा आकडा नेहमी तिनाच्या पाढ्यातल्या आकड्यापेक्षा एकाने जास्त ठेवा, म्हणजे दोन्ही कडांना दांडा येतो. आणि एकूण टाके सम ठेवा, म्हणजे मनगटाची पट्टी जुळते.