अमेरिकेतल्या नोकरीत हेल्थ एफएसए: आकडा ठरवण्यापासून शेवटच्या क्लेमपर्यंत

अमेरिकेत बहुतेक कंपन्यांचं ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचा विमा निवडायचा काळ, ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतं. मेडिकल, डेंटल, व्हिजन निवडून झालं की एक रकाना उरतो: हेल्थ एफएसए, पुढच्या वर्षासाठी किती डॉलर? कुणी शून्य टाकून पुढे सरकतं, कुणी कर वाचतो म्हणून कमाल रक्कम भरतं. दोन्ही अंदाजपंचे. हा आकडा सहसा वर्षाच्या मध्ये बदलता येत नाही, म्हणून अर्धा तास काढून तो नीट ठरवावा.

हेल्थ फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंटमध्ये कर लागण्याआधी पगारातून पैसे वळते होतात आणि ते फक्त औषधोपचारावर खर्च करता येतात. या रकमेवर फेडरल इन्कम टॅक्स लागत नाही, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्केही कापले जात नाहीत. तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर १,३०० डॉलरमागे साधारण ३८५ डॉलर वाचतात. पगार दोन आठवड्यांनी होत असेल तर दर पगारातून ५० डॉलर कापले जातील. बहुतेक राज्यांत राज्याचा करही वाचतो. न्यू जर्सीत वाचत नाही, तिथे ही रक्कम राज्याच्या दृष्टीने पगारच आहे. ओपीटीवर (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावर काम करण्याच्या परवान्यावर) असलेल्या ज्यांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर मुळातच कापलं जात नाही, त्यांना फायदा फक्त इन्कम टॅक्सपुरता.

१. आधी एचएसए आहे का ते पाहा

हाय डिडक्टिबल प्लॅन (विमा पैसे देऊ लागण्याआधी मोठी रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, स्वतः भरावी लागते असा) घेऊन एचएसएत, म्हणजे त्यासोबतच्या हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमध्ये, पैसे भरत असाल, तर साधा हेल्थ एफएसए घेता येत नाही. जोडीदाराच्या कंपनीतला साधा एफएसएसुद्धा तुमचं एचएसए अडवतो, कारण त्यातून तुमचाही खर्च भागू शकतो. घरातली ही चूक सहसा टॅक्स रिटर्न भरतानाच लक्षात येते. एचएसए असेल तर लिमिटेड पर्पज एफएसए निवडा. तो दात आणि डोळे यांच्याच खर्चाला चालतो.

२. आकडा काढा

कमाल मर्यादा २०२५ साठी ३,३०० डॉलर होती, २०२६ साठी ३,४०० आहे. ती प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी आहे, त्यामुळे दोघांचीही कंपनी एफएसए देत असेल तर दोघं आपापला घेऊ शकतात. गेल्या वर्षाचे क्लेम विमा कंपनीच्या पोर्टलवर पाहा आणि पुढच्या वर्षी हमखास होणारा खर्च मांडा: रोजच्या औषधांचा कोपे (दर वेळी आपण भरायची ठरलेली रक्कम), चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स, दातांच्या कामातला आपला वाटा, ठरलेलं ऑपरेशन, बाळंतपण असेल तर डिडक्टिबल. आजारी पडू या शक्यतेसाठी रक्कम वाढवू नका. विम्याचा प्रीमियम यातून भरता येत नाही, तो धरू नका.

मुदतीत न वापरलेले पैसे बुडतात, पण ती भीती थोडी जास्तच बाळगली जाते. कर धरून १,००० डॉलरचा एफएसए तुम्हाला सुमारे ७०० डॉलरला पडतो. शेवटी १०० डॉलर बुडाले तरी तुम्ही पुढेच आहात. खरं नुकसान होतं ते ३,००० डॉलर भरून १,५०० खर्च करणाऱ्यांचं.

मुलांच्या पाळणाघराचा डिपेंडंट केअर एफएसए हे वेगळं खातं आहे. फॉर्मवर दोन्ही शेजारी असतात आणि डे-केअरची रक्कम हेल्थच्या रकान्यात पडते. सबमिट करण्याआधी पुन्हा वाचा.

३. कंपनीच्या प्लॅनला तीन प्रश्न विचारा

समरी प्लॅन डिस्क्रिप्शन (प्लॅनच्या नियमांची पुस्तिका) उघडा किंवा एचआरला विचारा.

पहिला, उरलेल्या पैशांचं काय? काही कंपन्या ठरावीक रक्कम पुढच्या वर्षात नेऊ देतात (२०२५ मधून ६६० डॉलरपर्यंत, २०२६ मधून ६८०). काही त्याऐवजी खर्चासाठी अडीच महिन्यांपर्यंतची मुदतवाढ देतात, म्हणजे कॅलेंडर वर्षाच्या प्लॅनमध्ये १५ मार्चपर्यंत. दोन्ही एकत्र मिळत नाही, आणि काहीच न देणाऱ्या कंपन्याही आहेत. पुढच्या वर्षी एचएसए घ्यायचा असेल तर साध्या एफएसएतून पुढे आलेली छोटी रक्कमही आडवी येते. ती ३१ डिसेंबरआधी संपवा किंवा लिमिटेड खात्यात वळवता येते का विचारा.

दुसरा, जुन्या वर्षाचे क्लेम भरायची शेवटची तारीख कोणती? ही खर्चाची मुदतवाढ नव्हे, फक्त कागद पाठवायची मुदत. तिसरा, नोकरी सुटली तर खातं कोणत्या दिवशी बंद होतं?

४. खर्च करा, हवं तर जानेवारीतच

या खात्यातली उत्तम सोय अनेकांना माहीतच नसते. वर्षाची पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी वापरता येते, पगारातून एकच हप्ता कापलेला असला तरी. २,६०० डॉलर ठरवले असतील तर जानेवारीतल्या लेसिकचं बिल तेव्हाच भागतं. त्यानंतर नोकरी सोडली तर उरलेले हप्ते कंपनी मागू शकत नाही. उलट बाजूही तितकीच पक्की आहे: पैसे कापले गेले पण खर्च झाले नाहीत, तर नोकरी सुटल्यानंतरच्या उपचारांना, कोब्रा (नोकरीनंतर स्वखर्चाने कंपनीचं कव्हर चालू ठेवायची सोय) घेतल्याशिवाय, ते मिळत नाहीत. राजीनाम्याची तारीख देण्याआधी शिल्लक पाहावी.

२०२० पासून ताप-सर्दी-ॲलर्जीची दुकानातली औषधं चिठ्ठीशिवाय चालतात, सॅनिटरी पॅडही चालतात. एसपीएफ १५ किंवा जास्त असलेलं ब्रॉड स्पेक्ट्रम सनस्क्रीन, थर्मामीटर, बीपी मशीन चालतं. टूथपेस्ट, दात पांढरे करणं, तब्येत चांगली राहावी म्हणून घेतलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या किंवा च्यवनप्राश चालत नाही. विशिष्ट आजारासाठी मसाज किंवा सप्लिमेंट लागत असेल तर डॉक्टरांकडून लेटर ऑफ मेडिकल नेसेसिटी, म्हणजे ते उपचारासाठी गरजेचं असल्याचं पत्र, आधी घ्या.

५. पावती: सगळं इथे अडतं

फार्मसीत एफएसएचं डेबिट कार्ड स्वाइप केलं की दुकानाची यंत्रणाच पात्र वस्तू ओळखते. दंतवैद्याकडे १८० डॉलर स्वाइप केले तर ती रक्कम कुठल्याही ठरलेल्या कोपेशी जुळत नाही, आणि काही दिवसांत पावती मागणारा ईमेल येतो. व्यवहार मंजूर झाला म्हणजे खर्च मान्य झाला असं नाही. ईमेलकडे दुर्लक्ष केलं की कार्ड गोठतं, पैसे परत मागतात, शेवटी ते पगारात धरून कर लावू शकतात.

पावतीवर पाच गोष्टी हव्यात: रुग्णाचं नाव, डॉक्टर किंवा दुकानाचं नाव, उपचाराची तारीख, काय केलं, आणि तुमच्या वाट्याची रक्कम. क्रेडिट कार्डाची स्लिप किंवा ‘मागील बाकी’ लिहिलेलं बिल नाकारलं जातं. विमा कंपनीच्या पोर्टलवरचं ईओबी (विम्याने किती दिले आणि तुमचा वाटा किती हे सांगणारं पत्रक) सर्वांत भरवशाचं, त्यात पाचही असतात.

उपचाराची तारीख महत्त्वाची, पैसे भरल्याची नव्हे. डिसेंबरात दात काढून बिल जानेवारीत भरलं तर तो जुन्या वर्षाचा खर्च. जानेवारीच्या ऑपरेशनचे पैसे डिसेंबरात आगाऊ भरून जुनी शिल्लक संपवता येत नाही. दातांच्या ब्रेसेसना मात्र सूट आहे, तिथे पैसे भरल्याची तारीख धरली जाते.

भारतातला खर्च आणि आईवडील

सुट्टीत पुण्यात रूट कॅनल करून घेतलं तर तो खर्च चालतो. क्लिनिककडून इंग्रजीत छापील बिल घ्या, त्यावर वरच्या पाचही गोष्टी असू द्या, त्या दिवसाचा रुपया-डॉलर दर जोडा आणि पोर्टलवर स्वतः क्लेम भरा. विमानाचं तिकीट यात बसत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध भारतात घेऊन तिथेच संपवलं तर चालतं. तिथून आणलेल्या किंवा कुरियरने मागवलेल्या औषधांच्या साठ्याचा क्लेम होत नाही.

खात्यातून स्वतःचा, जोडीदाराचा आणि मूल २६ वर्षांचं होतं त्या वर्षअखेरपर्यंत त्याचा खर्च भागतो. आईवडिलांचा भागण्यासाठी ते कराच्या व्याख्येत तुमच्यावर अवलंबून असावे लागतात. ग्रीन कार्डावर तुमच्याकडे राहत असतील आणि निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही उचलत असाल तर ते बसू शकतात. काही महिने फिरायला आलेले सहसा बसत नाहीत, आणि त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्सचा प्रीमियम कुठल्याच परिस्थितीत नाही.

६. नोव्हेंबरात शिल्लक बघा

ख्रिसमसच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळत नाही, म्हणून हे काम थँक्सगिव्हिंगच्या आधी करा. शिल्लक असेल तर दुसरा चष्मा, वर्षभराच्या लेन्स, राहिलेलं फिलिंग उरकून घ्या. खिशातून भरलेल्या जुन्या कोपेंचे क्लेमही आता टाका, वर्षातल्या कुठल्याही तारखेचे चालतात. नव्या वर्षासाठी आकडा पुन्हा भरायला विसरू नका. बहुतेक कंपन्यांत जुनी निवड आपोआप पुढे जात नाही.