टीएलडी बॅज टेस्टिंगच्या कामात नवीन येताय? मग हे वाचून घ्या

एमएस्सी फिजिक्स किंवा बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करून जे डोसिमेट्रीकडे, म्हणजे रेडिएशनचा डोस मोजण्याच्या कामाकडे वळतायत त्यांच्यासाठी लिहितोय. टीएलडी बॅज म्हणजे रेडिएशनजवळ काम करणाऱ्यांनी अंगावर लावायचा, त्यांना किती डोस मिळाला हे टिपणारा बॅज. बाहेरून वाटतं बॅज रीडरमध्ये टाकला, आकडा लिहिला, संपलं. आकडा मशीन देतं हो, तो कशामुळे आला हे आपल्याला ओळखायचं असतं.

आपल्या हॉस्पिटलांत दर तीन महिन्यांनी बदलतात त्या बॅजच्या कार्डात टेफ्लॉनमध्ये मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेट-डिस्प्रोशियमच्या तीन डिस्क असतात. मटेरियल भन्नाट सेन्सिटिव्ह, पण एक खोड आहे, ३० केईव्ही (ऊर्जेचं एकक) च्या आसपासच्या एक्स-रेला ते कोबाल्ट-६० च्या गॅमाच्या मानाने सुमारे दहापट जास्त रीडिंग देतं. म्हणून कॅसेटमध्ये एका डिस्कवर धातूचा फिल्टर, दुसरीवर प्लॅस्टिक आणि तिसरी उघडी. तिन्ही रीडिंगची गुणोत्तरं बघायची सवय लागली की हा डोस रेडिओथेरपीतल्या गॅमाचा की कॅथ लॅबमधल्या (जिथे अँजिओग्राफी होते तिथल्या) एक्स-रेचा याचा अंदाज यायला लागतो. माझ्या मते या कामातली खरी मजा इथेच आहे, सुरुवातीला बाकी सगळं सोडून यावरच वेळ घाला.

टेस्टिंगसाठी, म्हणजे बॅजला माहीत असलेला डोस देऊन तपासायला, सीझियम-१३७ चा सोर्स वापरतात, ६६२ केईव्ही. बॅज ३० बाय ३० बाय १५ सेंटीमीटरच्या फॅन्टमवर (माणसाच्या धडाऐवजी वापरायच्या ठोकळ्यावर) लावायचा, हवेत लटकवला तर अंगावरून मागे फिरणारं रेडिएशन धरलंच जात नाही. अंतर नीट मोजा, २ मीटरवर १ सेंटीमीटरची चूक म्हणजे डोसमध्ये साधारण १ टक्का, तीच अर्ध्या मीटरवर ४ टक्के. मग बॅज तिरका करून ६० अंशांपर्यंत बघायचं, ते कंटाळवाणं आहे पण करावंच लागतं, कॅथ लॅबमधला माणूस काय सोर्ससमोर सरळ उभा राहतो का!

आणि ग्लो कर्व्ह (रीडरमध्ये डिस्क तापवताना निघणाऱ्या प्रकाशाचा आलेख) सेव्ह झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, डिस्क तापवली की सिग्नल जवळपास पुसलाच जातो, परत वाचू म्हणायची सोय नाही.

एखाद्याचा डोस भलताच आला तर मशीनवर संशय घ्यायच्या आधी विचारा, बॅज शिशाच्या एप्रनच्या आत लावला होता का, की एप्रनसकट एक्स-रे रूममध्येच टांगलेला होता? कंट्रोल बॅज (कोणी न घालता, फक्त आसपासचं नेहमीचं रेडिएशन मोजायला ठेवलेला) कुठे ठेवला होता तेही विचारा.

इंटरव्ह्यूला एईआरबीने (अणुऊर्जा नियामक मंडळाने) रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यांसाठी घातलेल्या डोसच्या मर्यादा हमखास विचारतात: एका वर्षात कमाल ३० मिलीसिव्हर्ट, पाच वर्षांत मिळून १००.