अभ्यासिकेच्या फीचं सॉफ्टवेअर : कोडआधी तारखा नीट ठरवा

नागपुरात धरमपेठ असो की नंदनवन, अभ्यासिका सापडतेच, आणि तिचा हिशेब बऱ्याचदा वहीत असतो. सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी हा उत्तम विषय आहे, कारण नियम सांगणारा माणूस समोरच बसलेला असतो. मात्र ते नियम त्याच्या डोक्यात असतात. ते नेमके काढून घेणं हे पहिलं काम.

लॅपटॉप न उघडता काउंटरजवळ दोन तास बसा. वहीतल्या दहा जुन्या नोंदी, नावं वगळून, उतरवून घ्या आणि प्रत्येकीवर विचारा, ‘भाऊ, इथं एवढेच पैसे का घेतले?’ ‘महिन्याची फी’ हे दोन शब्द फार फसवे आहेत. ३१ जानेवारीला आलेल्या मुलाची मुदत कधी संपते? कॅलेंडरचा महिना धरला तर त्याच रात्री. पहिला दिवस धरून तीस दिवस मोजले तर १ मार्चला, लीप वर्षी २९ फेब्रुवारीला. तारखेपासून तारखेपर्यंत म्हणाल, तर फेब्रुवारीत ३१ तारीखच नाही. याचा निर्णय चालकाचा आहे, प्रोग्रॅमरचा नाही. उत्तर उदाहरणासह लिहा आणि त्यांना वाचून दाखवा.

त्याच उदाहरणांच्या टेस्ट, म्हणजे कोडचं उत्तर अपेक्षित आकड्याशी आपोआप ताडून पाहणाऱ्या छोट्या तपासण्या, बनवा. मुदत १० तारखेला संपून ११ पासून रोज २० रुपये दंड असेल, तर ९, १०, ११ आणि १२ या तारखांना दंड ०, ०, २० आणि ४० यायला हवा. कोडमध्ये तारखांची तुलना करताना ‘पेक्षा मोठे’ लिहायचं तिथे ‘मोठे किंवा समान’ लिहिलं गेलं, तर ते १० तारखेलाच पकडलं जातं. २९ फेब्रुवारी २०२८ हीसुद्धा तपासा.

अभ्यासिका रात्रभर चालत असेल, तर खरी अडचण पुढेच आहे. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. ११ तारखेला पहाटे ५ वाजता फी भरली, तेव्हा सर्व्हरवर १० तारखेच्या रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, म्हणून दंड लागतच नाही. दुपारच्या डेमोत ही चूक दिसणार नाही. वेळ यूटीसीत साठवा, पण तारीख काढण्याआधी ती ‘एशिया/कोलकाता’ टाइमझोनमध्ये, म्हणजे भारतीय वेळेत, बदलून घ्या. ११ तारखेच्या पहाटे ५:२९ आणि ५:३० अशा दोन टेस्ट कायम ठेवा. दोन्हींत दंड २० रुपयेच आला पाहिजे.

रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा : १०० रुपये म्हणजे १०००० पैसे. फ्लोटमध्ये, म्हणजे संगणकाच्या दशांश संख्यांच्या प्रकारात, ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही.

चालकाने पुढे नियम बदलला, तर आधी टेस्टमधला आकडा बदला, ती नापास होते हे पाहा आणि मगच कोडला हात लावा.