पोलिसांच्या धाडीत जीव गेला तर: पहिल्या तासापासून सत्र न्यायालयापर्यंत काय करायचं

धाडीत किंवा चकमकीत माणूस मेला की काही तासांत पोलिसांचं निवेदन बाहेर पडतं: समोरून गोळी आली, स्वसंरक्षणासाठी गोळीबार करावा लागला. निवेदन खरं असू शकतं. खोटं असेल तर ते मोर्चाने किंवा पत्रकार परिषदेने पडत नाही. पोलिसांच्याच नोंदवह्या, मृताच्या अंगावरच्या खुणा आणि कुटुंबाने वेळेत दिलेला एखादा अर्ज यांच्यापुढे ते टिकत नाही. यातलं बरंच काही महिन्याभरात नाहीसं होतं, म्हणून कोणतं काम आधी करायचं हे नातेवाइकांना आणि त्यांच्या वकिलाला ठाऊक असायला हवं.

३१ मार्च १९९७ रोजी दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये गुन्हे शाखेच्या पथकाने एक निळी मारुती एस्टीम घेरली आणि गोळ्या झाडल्या. पथक एका फरार आरोपीच्या मागावर होतं आणि तोच गाडीत बसलाय असं त्यांनी धरून चाललं होतं. ओळख पक्की केलीच नव्हती. दोन व्यापारी ठार झाले, तिसरा माणूस जखमी झाला. गाडीतून आधी गोळी आली, असा पथकाचा दावा होता आणि गाडीत एक पिस्तूलही दाखवण्यात आलं. तपास सीबीआयकडे गेला. ते पिस्तूल नंतर ठेवलेलं होतं, हे न्यायालयात सिद्ध झालं. सहायक पोलीस आयुक्तासह दहा पोलिसांना २००७ मध्ये जन्मठेप झाली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ‘साहेबांनी सांगितलं म्हणून गोळी झाडली’ हा खालच्यांचा बचावही चालला नाही. चूक ओळखण्यातली होती, पण तिचं रूपांतर खुनाच्या शिक्षेत झालं ते विनाकारण झाडलेल्या गोळ्यांमुळे. शिवाय ती चूक झाकायचा प्रयत्नही झाला होता.

नियमाने झालेली धाड कोणते कागद मागे ठेवते

हे आधी माहीत हवं, कारण पुढे तुम्ही तेच कागद मागणार आहात.

खबर मिळाली की ती लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात नोंदवावी लागते. संशयिताचा किंवा ठिकाणाचा तपशील उघड करायची गरज नसते, पण वेळ लिहिलेली असते. पथक निघाल्याची स्टेशन डायरीत नोंद होते, गाडीच्या लॉगबुकात किलोमीटर आणि वेळ येते, शस्त्रागाराच्या नोंदवहीत कोणाला कोणतं शस्त्र आणि किती राउंड दिले ते येतं. वायरलेसवरची प्रत्येक हाक नियंत्रण कक्षात नोंदली जाते. दार तोडण्याआधी आपण पोलीस आहोत आणि कशासाठी आलोय हे सांगून आत येऊ देण्याची मागणी करावी लागते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४४). झडतीला परिसरातले किमान दोन स्वतंत्र पंच लागतात, घरातल्या माणसाला हजर राहू द्यावं लागतं आणि जप्तीच्या यादीची प्रत द्यावी लागते (कलम १०३). १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक आहे, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं (कलम १०५). वॉरंटशिवाय झडती घेतली असेल तर कारणं आधी लिहावी लागतात आणि त्यांची प्रत ४८ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे जावी लागते (कलम १८५).

पंच कोण होते हे जरूर तपासा. त्याच ठाण्याच्या दहा-बारा पंचनाम्यांवर तीच दोन नावं सापडली, तर उलटतपासणीत तेवढा एक मुद्दाही बरंच काम करतो.

माणूस उचलला, पण अजून काही कळत नाही

हा टप्पा सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात जास्त वाया जाणारा. घरचे ठाण्याच्या दारात तासन् तास उभे राहतात आणि हातात कागद काहीच राहत नाही. उभं एकाने राहावं, दुसऱ्याने लिहावं.

११ नोव्हेंबर २००६ रोजी वाशीहून उचललेल्या रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला त्याच संध्याकाळी वर्सोव्यात चकमकीत मारल्याचं दाखवण्यात आलं. वकील असलेल्या त्याच्या भावाने मृत्यूची बातमी येण्याआधीच वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. त्यांवरची वेळ पुसता येत नव्हती. भाऊ उच्च न्यायालयात गेला, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, विशेष तपास पथक नेमलं गेलं, मोबाइलचे तपशील जुळवले गेले आणि २०१३ मध्ये पोलिसांसह २१ जणांना शिक्षा झाली. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातल्या १३ जणांची जन्मठेप कायम ठेवली, काहींना सोडलं आणि खालच्या न्यायालयात सुटलेल्या एका अधिकाऱ्याला दोषी धरलं.

आज तारेची जागा ईमेल आणि ११२ ने घेतलीय. आधी ११२ ला फोन करा, कारण तो नोंदला जातो. मग पोलीस आयुक्त किंवा अधीक्षक, पोलीस महासंचालक आणि राज्य मानवी हक्क आयोग यांना एकच ईमेल पाठवा. मजकूर एवढाच असावा:

«आज दि. … रोजी दुपारी २.१० वाजता … येथून साध्या वेशातील चार इसमांनी … (वय …) यांना पांढऱ्या रंगाच्या, क्र. … या गाडीत बसवून नेले. ते पोलीस असल्याचे त्यांनी सांगितले. त्यांच्या जिवाला धोका आहे. त्यांना कोणी, कोणत्या गुन्ह्यात व कोठे ठेवले आहे हे तात्काळ कळवावे.»

आरोप, विशेषणं, राजकारण यांतलं काही घालू नका. जे कोणी स्वतः पाहिलं तेवढंच लिहा. पुढे एखादा तपशील चुकीचा निघाला तर अख्ख्या अर्जावर संशय येतो. पाच-सहा तासांत उत्तर आलं नाही तर वकिलाने उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची (माणसाला न्यायालयापुढे हजर करा, अशी मागणी करणारी) याचिका तयार ठेवावी.

या कागदाचं आणखी एक काम आहे. माणूस आधीपासून पोलिसांच्या ताब्यात होता हे सिद्ध झालं, की तो कोठडीतला मृत्यू ठरतो. मग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करावी लागते, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी नव्हे. हा फरक फार मोठा आहे. चौकशीची सूचना मिळण्याचा आणि तिथे हजर राहण्याचा नातेवाइकांना हक्क असतो.

मृतदेह

शवविच्छेदन होण्याआधी रुग्णालयाच्या अधीक्षकांना आणि तपास अधिकाऱ्याला लेखी विनंती द्या आणि पोच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ च्या ‘पीयूसीएल (ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या चकमकींबाबतच्या निकालात घालून दिलेल्या १६ सूचनांनुसार शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांनी करायचं, त्यातला एक शक्यतो रुग्णालयाचा प्रमुख असावा, आणि त्याचं चित्रीकरण करून ते जपायचं. विनंतीत या गोष्टी स्पष्ट मागा: शरीरात अडकलेल्या गोळ्यांसाठी आधी पूर्ण शरीराचा एक्स-रे, दोन्ही हात कागदी पिशव्यांत बांधून ठेवणं, हातांवरचे गोळीबाराचे कण तपासायला नमुने, आणि कपडे न धुता सावलीत वाळवून कागदात सीलबंद करणं. प्लास्टिक चालत नाही. त्यात ओल धरते आणि नमुना बिघडतो.

कपड्यांचा हट्ट यासाठी, की पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरची गोळी फुटाभराच्या आतून झाडली तर जखमेभोवती काजळी बसते आणि साधारण दोन-तीन फुटांपर्यंत न जळलेल्या दारूचे ठिपके उमटतात. अंगावर जाड शर्ट असेल तर या खुणा कातडीवर नव्हे, कापडावर मिळतात. ‘पंधरा फुटांवरून गोळी झाडली’ असं प्राथमिक माहिती अहवालात असेल आणि शर्टावर ठिपके असतील, तर दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

अहवालाबद्दल शंका असेल तर दहन थांबवा. दुसऱ्या शवविच्छेदनासाठी लगेच न्यायालयात जा आणि तोवर मृतदेह शीतगृहात ठेवायला सांगा. तेही अशक्य झालं तर दफन करा. घरच्या रीतीविरुद्ध जाणं फार जड असतं, पण अग्नी दिल्यावर तपासायला काहीच उरत नाही.

नाहीसा होणारा पुरावा

दुकानं आणि सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण आठवडा ते महिन्याभरात आपोआप पुसलं जातं. म्हणून त्याच दिवशी रस्त्यावरून चालत जा, कॅमेरे मोजा, मालकांना भेटा. चित्रण काढताना मूळ डीव्हीआरमधली (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातली) फाइल घ्या, पडद्याचा मोबाइलने काढलेला व्हिडिओ नको. सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅश मूल्यासह (फाइल नंतर बदलली का हे दाखवणाऱ्या सांकेतिक अंकासह) करून घ्या. पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण किमान एक वर्ष ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलंय. तरी ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर येतंच. तसं उत्तर आलं तर दुरुस्तीची तक्रार कधी नोंदवली होती, तो कागद मागा.

पहिल्याच आठवड्यात दंडाधिकाऱ्यांकडे जतनाचा अर्ज करा: ठाण्याचं चित्रण, स्टेशन डायरी, लॉगबुक, वायरलेसच्या नोंदी, शस्त्रागाराची नोंदवही आणि पथकातल्या प्रत्येकाच्या मोबाइलचे कॉल व टॉवरचे तपशील. मोबाइल कंपन्या ते दोन वर्षं ठेवतात, त्यामुळे वेळ आहे असं वाटतं. पण खटला चालायला दोन वर्षांहून जास्त लागतात.

गोळ्यांचा हिशेब

कागद हाती आले की ही वजाबाकी आधी करा. समजा, चार जणांना मिळून ६० राउंड दिले आणि ४९ परत आले. म्हणजे ११ झाडले. घटनास्थळाच्या पंचनाम्यात पुंगळ्या ९ असतील तर दोनांचं काय झालं? मृताच्या अंगात ५ गोळ्या असतील तर उरलेल्या ६ भिंतीत, दारात, गाडीत कुठे तरी लागल्या पाहिजेत. मृताने तीन गोळ्या झाडल्या असं म्हणणं असेल तर त्या तीनही कुठे तरी लागलेल्या हव्यात, त्याच्या हातावर कण हवेत आणि शस्त्रावर त्याचे ठसे हवेत. पथकाने आपली शस्त्रं तपासणीसाठी जमा करायची असतात. उशिरा जमा केली असतील तर तारखा टिपून ठेवा.

गुन्हा आणि तपास

नेहमी घडतं ते असं: मृताविरुद्ध खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा आणि मृत्यूची फक्त अकस्मात मृत्यू म्हणून नोंद. यावर समाधान मानू नका. स्वतःची स्वतंत्र फिर्याद द्या. ठाण्याने नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांकडे स्पीड पोस्टने पाठवा, मग दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५ चा अर्ज करा. लोकसेवकाविरुद्ध तक्रार असल्याने दंडाधिकारी वरिष्ठांचा अहवाल मागवू शकतात, तेव्हा विलंब धरूनच चला. बदलापूर प्रकरणातल्या आरोपीच्या कोठडीतल्या मृत्यूबाबत एप्रिल २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, तेव्हा मृताच्या आईवडिलांनी पाठपुरावा सोडलेला होता. न्यायालयाने न्यायमित्र (न्यायालयाला मदत करणारा वकील) नेमून काम पुढे नेलं.

२०१४ च्या निकालानुसार तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याने करायचा, आणि देखरेख करणारा अधिकारी पथकप्रमुखापेक्षा किमान एक पायरी वरचा हवा. तसं होत नसेल तर त्याच निकालाने नातेवाइकांना थेट त्या भागातल्या सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करण्याची वाट दिलीय. ही वाट फार कमी वापरली जाते, हे खरोखर दुर्दैवी आहे.

मुदती ध्यानात ठेवा. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये सहा महिन्यांची मुदत आहे आणि बचाव पक्ष ती हमखास पुढे करतो, त्यामुळे फौजदारी तक्रार त्याआधी दाखल झालेली असू द्या. खटल्याच्या परवानगीवर सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ नुसार परवानगी मिळाली असं मानलं जातं. परवानगीचा प्रस्ताव सरकारकडे कोणत्या तारखेला पोचला, त्याचा पुरावा म्हणून हवा.

साक्षीदार

लखनभैया प्रकरणातला मुख्य साक्षीदार मार्च २०११ मध्ये, साक्षीच्या तोंडावर बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह मिळाला. त्यामुळे प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा जबाब शक्य तितक्या लवकर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्या. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ खालचा अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे, सदस्य सचिवांमार्फत जातो. धोक्याचा अहवाल मात्र त्या भागातल्या पोलीस अधिकाऱ्याकडूनच मागवला जातो. ज्यांच्याविरुद्ध साक्ष आहे त्यांच्याच वरिष्ठाकडे तो जाऊ नये, म्हणून दुसऱ्या उपविभागातल्या अधिकाऱ्याने अहवाल द्यावा आणि साक्षीदाराचा पत्ता बंद पाकिटात स्वीकारावा, या दोन मागण्या अर्जातच लिहा.