परसातली फरशी दर पावसाळ्यात खचायची, ती अशी थांबली

कोल्हापुरात आमच्या परसात शहाबादी फरशी होती. पावसाळा सरला की ती मधोमध खचलेली असायची आणि पाणी घराच्या जोत्याशी साचायचं. सांधे दोनदा सिमेंटने भरले, एकदा फरशी उचलून खाली वाळू पसरली. 3 वर्षं जीव मेटाकुटीला आला. दोष खालच्या काळ्या मातीचा: भिजली की फुगते, वाळली की आकसते.

उन्हाळ्यात फरशी काढून फूटभर माती उपसली. मुरमाचे 3-3 इंचांचे दोन थर, प्रत्येकावर पाणी मारून धुमसाने ठोकले. वर 3 इंच खडी, मग 2 इंच मसाला, एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू. उतार मात्र आधी दोरी बांधून, पाण्याच्या नळीने लेव्हल बघूनच ठरवा: जोत्यापासून कुंपणाकडे 10 फुटांना 2 इंच. आमचा गवंडी ‘अंदाजाने धरतो’ म्हणत होता, मी ऐकलं नाही. मग फरशी बसवली, आठवडाभर पाणी मारलं. जुलैची झड लागली तरी जोतं कोरडं आहे.