शुगर असेल तर पाय शेकोटीला लावू नका

पऱ्हाटीच्या शेकोटीपुढे पाय पसरणं मधुमेहात महागात पडतं. नसा बधिर झालेल्या असल्या की चटका कळत नाही, फोड सकाळी दिसतो. गरम पाण्याच्या पिशवीचंही तेच. उबेसाठी मोजे घाला, सैल. घट्ट इलॅस्टिक नको.

पाय कोमट पाण्याने धुवा, पाणी आधी कोपराने पाहा. फार वेळ बुडवून ठेवलं तर कातडी उलट कोरडी पडते. भेगांना व्हॅसलिन लावा, पण बोटांच्या बेचक्यात नाही. तिथे ओल राहून चिखल्या होतात. रात्रीच्या ओलितावरून आल्यावर ओले मोजे लगेच बदला. तुरीचं धसकट लागलेलं कळतही नाही, म्हणून रोज आरशात तळपाय पाहा. जखम, सूज, लाली दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.